क्रूझवर स्वतःची वाइनची बाटली न्यायची आहे, कोणी नेली आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

आईबाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत म्हणून आम्ही भावंडं त्यांना घेऊन क्रूझवर चाललोय. दादाने खूप शोधाशोध करून १९८६ ची, म्हणजे त्यांच्या लग्नाच्याच वर्षाची फ्रान्सच्या बोर्दो भागातली रेड वाइन मिळवलीय, एकच बाटली आहे. ती बोटीवरच लग्नाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी उघडायची असं ठरलंय आणि त्या दोघांना यातलं काहीही माहीत नाही. आता प्रश्न असे की बोटीवर स्वतःची वाइन नेऊ देतात का, आमचा आधी विमानप्रवास आहे आणि मग बोट, तर बाटली कुठल्या बॅगेत ठेवायची, आणि बोट हलते त्याने इतकी जुनी वाइन बिघडत तर नाही ना. डायनिंग रूममध्ये सगळ्यांनी मिळून प्यायची तर त्याचे वेगळे पैसे पडतात असंही कानावर आलंय. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बाटली परत मिळण्यासारखी नाही त्यामुळे धाकधूक आहे.

अक्षता_प

वा, काय सुंदर कल्पना आहे! आईबाबांना आगाऊ शुभेच्छा.

कुठल्या कंपनीची बोट आहे त्यावर सगळं आहे बघा. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर माणशी एक ७५० मिलीची बाटली चालते, वाइन किंवा शॅम्पेन, तीही फक्त चढायच्या दिवशी. नॉर्वेजियनवर किती बाटल्या न्याव्यात याला तशी मर्यादा नाही पण प्रत्येक बाटलीवर चढतानाच कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली आणल्याचा आकार, भरायचं, साध्या बाटलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या मॅग्नमला ३०, मग ती तुम्ही केबिनमध्ये प्या नाहीतर जेवणाच्या टेबलावर. डिस्नीवर बरंच मोकळं, माणशी दोन बाटल्या आणि मधल्या प्रत्येक बंदरावरूनही तेवढ्याच आणता येतात. एमएससीवर मात्र बाहेरची वाइन अजिबात चालत नाही. आणि वायकिंगच्या समुद्रावरच्या बोटींवर खुशाल न्या, कॉर्केजसुद्धा लावत नाहीत.

हे नियम कंपन्या अधूनमधून बदलतात त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्यांच्या साइटवर जाऊन पान परत एकदा वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, टर्मिनलवर नेट मिळेलच असं नाही.

रानजाई

थँक्यू अक्षता! आमच्या कंपनीचा नियम माणशी एक, चढायच्या दिवशी, असाच आहे. केबिनमध्ये प्यायली तर फुकट आणि बाहेर कुठेही उघडली तर कॉर्केज. म्हणजे एक बाटली तरी नक्की नेता येईल, अर्धा जीव भांड्यात पडला.

बंदरवाट

माणशी म्हणजे सज्ञान माणशी हं. आणि सज्ञान कुणाला म्हणायचं हे बोट कुठून सुटते त्यावर ठरतं, अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींवर २१ पूर्ण लागतात, युरोपातून किंवा ऑस्ट्रेलियातून सुटत असेल तर बऱ्याच कंपन्यांना १८ चालतात. बरोबर १९-२० वर्षांची भाचेमंडळी असतील आणि त्यांच्या नावावर एकेक बाटली जास्तीची न्यायचा विचार असेल तर आधी हे बघून घ्या.

दर्यावर्दी

रानजाई ताई, मी बरीच वर्षं क्रूझच्या डायनिंग रूममध्ये काम केलंय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विमानाचा नियम आणि बोटीचा नियम एकमेकांच्या बरोब्बर उलटे आहेत आणि लोकांची पंचाईत होते ती इथेच. बहुतेक विमानतळांवर १०० मिलीच्या वरचं पातळ काही हातातल्या बॅगेत चालत नाही म्हणून बाटली चेक-इन बॅगेत जाते. बोटीवर मात्र ती हातातच पाहिजे. का ते सांगतो. तुम्ही टर्मिनलला उतरलात की मोठ्या बॅगा बाहेरच हमालांच्या ताब्यात देता, त्यांना केबिन नंबरचे टॅग लागलेले असतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतात. मधल्या वेळात प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते, आणि स्क्रीनवर बाटलीचा आकार दिसला की ती बॅग बाजूला काढतात. मग सगळ्यांच्या बॅगा येतात आणि तुमची येत नाही, खाली सिक्युरिटीच्या खोलीत जाऊन रांगेत उभं राहून स्वतःच्या हाताने बॅग उघडून दाखवावी लागते. पहिल्या संध्याकाळी ती रांग मी रोज बघायचो, माणसं प्रवासाच्याच कपड्यांत उभी, जेवणाची वेळ टळून चाललेली. नियमात बसणारी वाइनसुद्धा चेक-इनमध्ये सापडली तर काही ठिकाणी ती ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. लग्नाचा वाढदिवस तोपर्यंत होऊन गेलेला असेल.

म्हणून विमानातून उतरल्यावर, बंदराकडे जायच्या आधी, मुक्काम असेल तर हॉटेलात नाहीतर विमानतळावरच एका बाकावर बसून, मोठ्या बॅगेतून बाटली काढा आणि खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. हे काम कुणा एकाच्या नावाने नेमून द्या. गडबडीत ते राहून जातं.

दुसरं म्हणजे बाटली सीलबंद पाहिजे. उघडलेली, बूच परत दाबून बसवलेली, दुसऱ्या बाटलीत ओतलेली, काही चालत नाही. खोक्यातली वाइन पण बहुतेक ठिकाणी चालत नाही. सिक्युरिटीवर विचारायच्या आधीच बाटली बाहेर काढून दाखवा आणि एक वाइन आहे असं सांगा. तिथला माणूस लेबल बघतो, अल्कोहोलचे टक्के बघतो, साइज बघतो, परत देतो. एवढंच.

रानजाई

दर्यावर्दी दादा, हे सोन्यासारखं सांगितलंत. आम्ही खरंच बाटली चेक-इनमध्ये घालून थेट केबिनमध्ये भेटेल असंच धरून चाललो होतो. काम वहिनीच्या नावाने नेमलंय, ती काही विसरत नाही.

मुक्तछंद

विमानाचं थोडं अजून. २४ टक्क्यांच्या खाली अल्कोहोल असलेल्या पेयांवर धोकादायक सामान म्हणून मर्यादा नाही, आणि वाइन साधारण १२ ते १५ टक्क्यांची असते, म्हणजे प्रश्नच नाही, फक्त बॅगेचं वजन बघा. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्ये. ७० च्या वर अजिबात नाही.

पॅकिंगसाठी बाटलीची फुगवायची पिशवी मिळते ती घ्या, नाहीतर जाड मोजे दोन जोड, वर बबल रॅप, वर एक प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून, आणि बॅगेच्या अगदी मधोमध कपड्यांत ठेवा. कडेला नको, बॅग आपटते ती कडेवर आणि चाकांच्या बाजूला. वाइनची बाटली भरलेली साधारण सव्वा ते दीड किलो भरते, शॅम्पेनची त्याहून जड कारण काच जाड असते.

मस्तमौला

एक कळत नाही, माणशी एकच बाटली कशासाठी? आपले पैसे, आपली वाइन, आपली सुट्टी. आठ दिवसांच्या प्रवासात एक बाटली म्हणजे काहीच नाही. लोक प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये भरून नेतात, माउथवॉशच्या बाटलीत रंग घालून नेतात, त्यांना कोण अडवतं? कंपन्यांना फक्त बारचा गल्ला वाढवायचाय.

सुलूमावशी

मस्तमौला, बारच्या कमाईचं तुमचं म्हणणं खोटं नाही. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि बोटीवरच्या खर्चातून भरून काढायचं हा त्या धंद्याचा हिशोबच आहे, ते कुणी लपवतही नाही. पण त्यासाठी चोरून नेणं मला पटत नाही. तिकीट काढताना आपण त्यांच्या करारावर मान्य आहे असं करतो, त्यात दारू चोरून आणली तर पुढच्या बंदरावर उतरवून द्यायचा अधिकार कंपनीला असतो. कुटुंबासोबत गेलेल्या माणसाने हा धोका कशाला पत्करायचा? आणि चोरवाटांचा त्रास सरळ माणसांना होतो. कार्निव्हलने २०१५ मध्ये पाण्याच्या बाटल्या घरून आणायला बंदी केली ती याचमुळे, लोक पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून वर सील चिकटवून आणत होते. आता साधं पाणी नेणाऱ्यालाही ते बंद झालं.

दर्यावर्दी

मावशींशी सहमत आणि एक बाजू अजून मांडतो, कामगाराच्या नजरेने.

बोट समुद्रात असते. चारी बाजूंनी रेलिंग, जिने, ओला डेक, आणि दवाखाना म्हणाल तर एकदोन डॉक्टर आणि मोजक्या खाटा. रात्री दोन वाजता कुणी जास्त पिऊन पडलं, कुणाचं भांडण झालं, कुणी कठड्यावर चढायला लागलं तर रुग्णवाहिका येत नाही, जे काही करायचं ते आम्हीच, बोटीवरच्याच माणसांनी. बारमध्ये निदान वेटरच्या डोळ्यांसमोर असतं कोण किती पितोय, आणि थांबवायचं शिक्षण आम्हाला दिलेलं असतं. केबिनमध्ये बंद दाराआड काय चाललंय ते कळत नाही. गल्ल्याचा भाग आहेच, मी नाही म्हणत नाही, पण अशा एका रात्री डेकवर धावलेल्या माणसाला तो नियम नुसता गल्ल्याचा वाटत नाही.

मस्तमौला

हे या बाजूने माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ठीक आहे, माणशी एक तर माणशी एक, पण मग ती एक कशी निवडायची ते सांगा. मला वाटतं रोजची साधी वाइन नेऊन उपयोग नाही, ती तर बोटीवर मिळतेच.

मुक्तछंद

अगदी मुद्द्याचं बोललात. माझं ठाम मत आहे की ही सवलत पैसे वाचवायला वापरू नये. बोटीच्या वाइन यादीत मोठ्या उत्पादकांच्या, भरपूर प्रमाणात निघणाऱ्या आणि सगळीकडे सारख्या मिळणाऱ्या वाइन असतात, हजारो माणसांना पुरवायचं म्हणजे तसंच करावं लागतं. छोट्या द्राक्षमळ्याची वाइन, जुन्या सालाची वाइन, जिच्यामागे काही आठवण आहे अशी वाइन तिथे मिळणार नाही. न्यायची तर अशी न्या जी तिथे मिळतच नाही. मग कॉर्केज भरलं तरी ते टोचत नाही, कारण त्या पैशात चांगले ग्लास, डिकँटर (गाळ मागे ठेवून वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं) आणि ओतणारा जाणकार माणूस मिळतो.

ज्यांनी ड्रिंक्स पॅकेज घेतलंय त्यांनी लक्षात ठेवा, पॅकेजमध्ये कॉर्केज धरलेलं असेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी नसतं.

पिंपळपान

मी फक्त वाचनमात्र असते पण एक विचारते. बोटीच्या कंपनाने वाइन खराब होते असं वाचलंय, त्यात तथ्य किती? रानजाईची बाटली तर ४० वर्षं जुनी आहे.

मुक्तछंद

पिंपळपान, कंपनाने चार दिवसांत वाइन खराब होत नाही. गाळ मात्र उठतो. जुन्या रेड वाइनमध्ये रंग आणि टॅनिन (द्राक्षाच्या सालीबियांतला तुरट अंश) एकत्र येऊन तळाशी बसतात, तो गाळ विषारी वगैरे काही नसतो पण जिभेला कडवट आणि मातकट लागतो. १९८६ चं बोर्दो, त्यातही तिथल्या मेदोक भागातलं, टॅनिनने भरलेलं आणि दीर्घायुषी म्हणून ओळखलं जातं, म्हणजे गाळ भरपूर असणार. प्रवासात तो सगळा ढवळला जाईल. म्हणून केबिनमध्ये गेल्यावर पहिलं काम, बाटली उभी करून ठेवायची आणि किमान दोन दिवस तिला हात लावायचा नाही. वाढदिवस प्रवासाच्या पहिल्या दिवशी नसेल अशी आशा.

खरी शत्रू उष्णता. बाल्कनीच्या काचेजवळ ऊन येतं तिथे ठेवू नका, कपाटाच्या खालच्या कोपऱ्यात, लाइफ जॅकेटच्या मागे पडणार नाही अशी टेकवून ठेवा. मिनिबारचं फ्रिज म्हणतो ते बऱ्याच बोटींवर नुसतं कूलर असतं, त्यात बाटली उभी राहत नाही आणि जुन्या रेडला तेवढा गारवा लागतही नाही.

बंदरवाट

वाइन आणि समुद्र यांचं नातं बिघडण्याचंच आहे असं नाही बरं का, थोडं अवांतर लिहितो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन जहाजांच्या पोटात उष्ण कटिबंधातून महिनोन् महिने फिरून यायची आणि परत आल्यावर जास्त चांगली लागायची. मग तिथल्या लोकांनी तीच उष्णता जमिनीवर द्यायला सुरुवात केली, आजही तिथे एक पद्धत अशी की वाइन टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवायची, आणि दुसरी पद्धत म्हणजे पिंपं गरम माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवायची. म्हणून उघडलेली मदेरा महिनोन् महिने टिकते, तिचं जे काही बिघडायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. मदेराच्या फुंशाल बंदराला बोट लागली तर तिथली एक बाटली जरूर बघा, परतीच्या प्रवासात तिची काळजी करावी लागत नाही.

आणि दुसरं टोक म्हणजे २०१० साली बाल्टिक समुद्रात ओलांड बेटांजवळ पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात दीडशेहून जास्त शॅम्पेनच्या बाटल्या मिळाल्या, एकोणिसाव्या शतकातल्या, त्यात व्हव क्लिको या नामांकित शॅम्पेन कंपनीच्याही होत्या. सुमारे ५० मीटर खोल, अंधार, पाणी जेमतेम ४ अंशांपर्यंत. त्यातल्या काही चक्क पिण्यालायक निघाल्या! अंधार आणि गारवा वाइनसाठी काय करतो ते यावरून बघा.

पिंपळपान

बाप रे, हे माहीत नव्हतं. धन्यवाद दोघांनाही.

दर्यावर्दी

ताई, आता डायनिंग रूममध्ये ती बाटली कशी उघडायची ते सांगतो, कारण इतकी जुनी बाटली रोज कुणी आणत नाही आणि गर्दीच्या वेळी नवशिक्या वेटरच्या हातात ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

चढल्याच्या दिवशी दुपारी डायनिंग रूम रिकामी असते. तेव्हा जाऊन मेत्र द'ला, म्हणजे डायनिंग रूमच्या प्रमुखाला, भेटा आणि सांगा की अमुक तारखेला आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस आहे आणि १९८६ ची बाटली आहे, सोमेलिए (वाइनचा जाणकार वेटर) असेल तर त्याच्याशी बोलायचंय. तो माणूस खूश होईल, खरं सांगतो, अशी बाटली हाताळायला मिळणं हे त्या कामातलं सुख आहे. त्याला तीन गोष्टी सांगा, डिकँटर लागेल, दोन पात्यांचा ओपनर असेल तर तो वापरा, आणि बाटली आम्ही त्या दिवशी स्वतः उभी धरून आणू.

दोन पात्यांचा ओपनर कशाला, तर ४० वर्षांचं बूच ठिसूळ झालेलं असतं, साध्या कॉर्कस्क्रूने मधोमध भोक पडून त्याचा भुगा होतो आणि अर्धं आत पडतं. पात्याचा ओपनर बुचाच्या दोन्ही बाजूंनी काच आणि बूच यांच्यामधून खाली सरकवतात, एकदा इकडे एकदा तिकडे डोलवत डोलवत, आणि मग पिळत पिळत वर ओढतात, बूच अखंड येतं. नंतर बाटलीच्या मानेखाली उजेड धरायचा, मेणबत्ती बोटीवर चालत नाही, फोनचा टॉर्च चालतो. एका हातात डिकँटर, दुसऱ्या हाताने बाटली अगदी हळू तिरकी करत एकाच धारेत ओतायचं, मध्ये थांबून बाटली परत सरळ करायची नाही, नाहीतर गाळ परत मिसळतो. मानेत काळपट दोरा सरकताना दिसला की थांबायचं. तळाशी अर्धा ग्लास राहील, तो राहू द्या.

आणि उघडून तासन् तास ठेवू नका. तरुण वाइनला हवा मानवते, इतकी जुनी वाइन हवेत पटकन उतरते. ओतली की लगेच ग्लासात, आणि पुढच्या तासाभरात संपवा.

रानजाई

दर्यावर्दी दादा, वाचताना हातात बाटली असल्यासारखं वाटलं. दादाला हे सगळं जसंच्या तसं पाठवलंय. एक शंका, आम्ही सहा जण आहोत, एका बाटलीत सहा ग्लास होतात का?

मुक्तछंद

७५० मिली म्हणजे १२५ मिलीचे सहा ग्लास होतात, पण गाळ सोडायचा असल्याने तुम्हाला साधारण ११० च्या आसपास मिळेल. पुरेसं आहे. आईबाबांना आधी द्या आणि त्यांना थोडं जास्त. तुम्ही सहाही सज्ञान आहात तर तुमच्या नियमाने अजून पाच बाटल्या नेता येतील, त्यातली एक शॅम्पेन न्या, जुनी बाटली दुर्दैवाने उतरलेली निघाली तर संध्याकाळ कोरडी जायला नको. ४० वर्षांच्या बाटलीच्या बाबतीत ही शक्यता धरूनच चालावं.

अक्षता_प

+१ शॅम्पेनसाठी! फक्त उघडताना जपून, आतला दाब ५ ते ६ बार असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बोट डुलत असताना कोमट बाटली उघडली तर बूच कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही. स्टुअर्डला सांगून बर्फाची बादली मागवा, त्यात बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही. अर्ध्यापाऊण तासात ७-८ अंशांपर्यंत येते. तार सोडवताना अंगठा बुचावरून काढायचा नाही, आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची.

सुलूमावशी

केबिनमध्ये बाटली उघडायची असेल आणि कॉर्कस्क्रू नसेल तर स्वतःचा न्यायच्या भानगडीत पडू नका, पात्याचा असला तर विमानात हातातल्या बॅगेतून काढून घेतात. रूम सर्व्हिसला फोन केला की ते येऊन उघडून देतात. किंवा सरळ फिरकीच्या झाकणाची वाइन घ्या, त्यात कमीपणा काही नाही, न्यूझीलंडची बहुतेक सगळी वाइन त्याच झाकणात येते.

नवाप्रवासी

मला उलट बाजूचा प्रश्न आहे. मधल्या बंदरांवर फिरताना तिथली वाइन घेतली तर ती बोटीवर आणता येते का? आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातोय आणि मला ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरची असिर्तिको ही पांढरी वाइन घ्यायचीच आहे, त्या ज्वालामुखीच्या मातीतल्या, जमिनीलगत टोपलीसारख्या गुंफलेल्या वेली मला बघायच्या आहेत, बरेच दिवसांची इच्छा आहे.

बंदरवाट

नवाप्रवासी, आणता येते पण प्यायला मिळत नाही. डिस्नी आणि वायकिंगसारखे अपवाद सोडले तर बहुतेक मोठ्या कंपन्या गँगवेवरच (बोटीत चढायच्या पुलावरच) बाटली घेऊन पावती देतात आणि प्रवास संपताना परत करतात. पावती जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. बोटीवरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेल्या दारूचंही असंच, पैसे आज द्यायचे, बाटली शेवटी.

सांतोरिनीबद्दल एक, वेली वाऱ्यापासून वाचाव्या म्हणून तशा गुंफतात आणि घड आतल्या बाजूला वाढतात. मोठी बोट खाडीत उभी राहते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, वर गावात जायला केबल कारची रांग फार मोठी असते, तेव्हा द्राक्षमळा बघायचा असेल तर सकाळी पहिल्या फेरीत उतरा. आणि चाखायची ती तिथेच बसून चाखा, तिथल्या वाऱ्यात, थंड. बाटली मग घरी न्यायला घ्या.

नवाप्रवासी

आणि शेवटच्या दिवशी परत मिळाली की विमानात कशी न्यायची? हे कुणी सांगत नाही.

दर्यावर्दी

हा प्रश्न फार कामाचा आहे. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून गोळा होतात आणि सकाळी टर्मिनलमध्ये भेटतात. ठेवलेल्या बाटल्या कुठे शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये येतात, कुठे उतरायच्या सकाळी एका काउंटरवरून घ्यायच्या असतात. सकाळी मिळाल्या तर मोठी बॅग तुमच्याकडे नसते, बाटल्या हातात घेऊनच उतरता. म्हणून आदल्या रात्री बॅग बाहेर ठेवताना तिच्यात बाटलीची जागा आणि बबल रॅप वरच ठेवा, अगदी झिपखाली. टर्मिनलमध्ये बॅग मिळाली की तिथेच उघडा, बाटली आत घाला, मग विमानतळ. हातात घेऊन विमानतळाच्या सिक्युरिटीपर्यंत गेलात तर बहुतेक ठिकाणी ती तिथे टाकून द्यावी लागेल.

कुलूप लावलेल्या बॅगेची चावी खिशात ठेवा, बॅगेतल्या पाऊचमध्ये नको.

मुक्तछंद

आणि कस्टम्स. ज्या देशात उतरणार तिथली मर्यादा बघून घ्या. युरोपीय संघात बाहेरून येताना माणशी ४ लिटर साधी वाइन करमुक्त, ब्रिटनमध्ये १८ लिटर, अमेरिकेत साधारणपणे २१ वर्षांवरच्या माणसाला १ लिटर. ब्रिटनचा आणि अमेरिकेचा फरक बघा केवढा आहे. विमान मधे कुठे बदलणार असाल तर बॅग शेवटपर्यंत थेट जाते की मधे घेऊन परत द्यायची आहे तेही विचारा. मधेच बॅग हातात आली तर तिथलाही कस्टम्स लागतो.

रानजाई

मंडळी, मेत्र द'ला आजच मेल टाकलाय, कंपनीच्या विशेष विनंतीच्या फॉर्ममधून. डिकँटर आहे म्हणाले, दोन पात्यांचा ओपनर बघून कळवतो म्हणाले. दर्यावर्दी दादा, तो नसेल तर आम्ही आमचा आणावा का?

दर्यावर्दी

आणा ताई, चेक-इन बॅगेत ठेवा. त्याची पाती बोथट असतात त्यामुळे बोटीच्या सिक्युरिटीला सहसा अडचण येत नाही, विचारलं तर दाखवा आणि कशासाठी आहे ते सांगा. आणि बाटली तुमच्याच हातात ठेवा, सोमेलिएला टेबलावर आल्यावरच द्या.